हिस्लॉपची शिंपाधारी : एका क्षुद्र कवचधारीची शरीररचना आणि तिच्या नावाचा प्रश्न

मृगाच्या सरी पडून गेल्यावर दोन-तीन आठवड्यांत अमरावती-अकोल्याकडील काळ्या जमिनीतील डबकी, रस्त्याकडेचे खड्डे आणि शेताच्या बांधाखाली साठलेले पाणी ह्यांत क्षुद्र प्राणिजीवन अकस्मात प्रकट होते. त्यात दोन पारदर्शक शिंपांमध्ये शरीर मिटून घेतलेले काही कवचधारीही असतात. प्रथमदर्शनी पाहणारास ते शिंपल्याचे पिल्लू वाटते. परंतु पाण्याच्या थेंबात ठेवून भिंगाखाली धरताच शिंपा किंचित उघडतात, आतून शाखायुक्त शृंगिका बाहेर येतात, आणि हा प्राणी मृदुकाय नसून झिंगे-कोळंबीच्या दूरच्या नात्यातील संधिपाद आहे हे ध्यानात येते. अशा कवचधाऱ्यांना प्रस्तुत लेखात 'शिंपाधारी' असे म्हटले आहे. त्यांतील एका लहान जातीची शरीररचना येथे सांगावयाची आहे. ह्या जातीचे नाव आपल्या शेजारच्या नागपूरशी बांधलेले आहे, आणि त्यामुळेच ती अभ्यासण्याची जबाबदारी विदर्भातील प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांवर इतरांपेक्षा अधिक आहे.

फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप हे 1845 मध्ये नागपुरास आले. अध्यापन व धर्मप्रसार ह्यांबरोबरच त्यांनी भोवतालच्या प्रदेशातील खडक, जीवाश्म आणि जिवंत प्राणी ह्यांचा जो संग्रह केला, तो मध्य भारताच्या निसर्गेतिहासाचा एक मूळ आधार होय. नागपूरच्या पाण्यातून त्यांनी गोळा केलेले क्षुद्र कवचधारी ब्रिटिश म्युझियममधील विल्यम बेअर्ड ह्यांच्याकडे पोहोचले. बेअर्ड ह्यांनी 1859 मध्ये लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीपुढे त्यांचे वर्णन सादर केले आणि त्यांतील एका गोलसर शिंपेच्या जातीस संग्राहकाच्या सन्मानार्थ एस्थेरिया हिस्लोपी हे नाव दिले.

'एस्थेरिया' ह्या प्रजातिनामाचे पुढे काय झाले ते नामकरणशास्त्राच्या विद्यार्थ्याने मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखे आहे. शिंपाधाऱ्यांसाठी हे नाव 1837 मध्ये योजले गेले. परंतु 1830 मध्येच ते एका माशीच्या प्रजातीस देऊन झाले होते. अग्रक्रमाच्या नियमानुसार नाव माशीकडे राहिले आणि शिंपाधाऱ्यांना नवी नावे शोधावी लागली. जुन्या ग्रंथांतून, विशेषतः भूशास्त्राच्या, 'एस्थेरिया' सर्रास भेटते. तेथे तिचा अर्थ बहुधा 'कोणताही शिंपाधारी' एवढाच घ्यावा.

नागपूरच्या ह्या जातीला तिची सध्याची प्रजाती मिळाली ती मात्र नॉर्वेमध्ये. जी. ओ. सार्स ह्यांना ऑस्ट्रेलियातून वाळलेला गाळ पाठविण्यात आला होता. तो त्यांनी पाण्यात भिजविला, आणि त्यातून जन्मास आलेले प्राणी आपल्या काचपात्रांत पिढ्यान्‌पिढ्या वाढवून पाहिले. त्यांत बेअर्ड ह्यांच्या वर्णनाशी जुळणारी गोल शिंपेची जात निघाली. तिची रचना इतर एस्थेरियांहून इतकी निराळी होती की, 1887 मध्ये सार्स ह्यांनी तिच्यासाठी सायक्लेस्थेरिया ही स्वतंत्र प्रजाती स्थापिली. तेव्हापासून आफ्रिका, दक्षिण अमेरिका, आग्नेय आशिया असे जेथे जेथे उष्ण कटिबंधात असे प्राणी सापडले, तेथे तेथे त्यांना सायक्लेस्थेरिया हिस्लोपी हेच नाव मिळत गेले. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ पृथ्वीच्या कमरेभोवती एकच जात पसरलेली आहे असे मानले गेले.

ह्या समजुतीस 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासाने धक्का दिला. निरनिराळ्या खंडांतील नमुन्यांची तुलना करता हे एका जातीचे घटक नसून बाह्य रचनेवरून वेगळे न ओळखता आलेल्या अनेक जातींचा समूह आहे, आणि त्यांच्या वंशांची फारकत क्रिटेशियस कल्पापर्यंत मागे जाते, असा निष्कर्ष निघाला. वऱ्हाडाची काळी माती ज्या बेसाल्टाच्या विदारणातून झाली, तो बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे क्रिटेशियसच्या अगदी अखेरीचा. ज्या डबक्यात आपण जाळी घालतो त्याच्या तळच्या खडकाहूनही ही फारकत जुनी ठरते.

आता प्रश्न असा उभा राहतो की, जाती अनेक असतील तर 'हिस्लोपी' हे नाव त्यांपैकी कोणाचे? नामकरणाच्या नियमांत ह्याला एकच उत्तर आहे : ज्या ठिकाणच्या नमुन्यावरून मूळ वर्णन झाले तेथील जातीचे, म्हणजे नागपूरच्या. ब्राझील अथवा ऑस्ट्रेलियातील एखादी जात नवी म्हणून जाहीर करावयाची असेल, तर ती नागपूरच्या जातीहून कोठे भिन्न आहे हे दाखवावे लागेल. त्यासाठी नागपूरच्या, आणि तेथून सुमारे दीडशे किलोमीटरवर असलेल्या अमरावती व तिच्यापलीकडील अकोला भागाच्या, प्राण्यांचे अवयवशः वर्णन हाताशी हवे. एकोणिसाव्या शतकातील वर्णने मुख्यत्वे शिंपेवर भर देणारी असत, आणि शिंप हाच ह्या प्राण्याचा सर्वांत कमी विश्वसनीय अवयव आहे. तिच्यापासूनच आरंभ करू.

शिंप म्हणजे डोक्याच्या मागील भागातून निघालेली त्वचेची दुहेरी घडी होय. ती पाठीवर दुमडून दोन्ही बाजूंनी खाली उतरते. शिंपल्याप्रमाणे येथे दातांची बिजागरी नसते. दोन्ही भाग आतून एका आडव्या आकुंचक स्नायूने जोडलेले असून त्याच्या ताणाने ते मिटतात. सायक्लेस्थेरियाची शिंप पातळ, पिवळसर व जवळजवळ वर्तुळाकार असते. पूर्ण वाढलेल्या मादीचीही लांबी पाच मिलिमीटरच्या आसपासच राहते. शिंपेवर समकेंद्री वाढरेषा दिसतात. कवचधारी प्राणी वाढताना कात टाकतो. परंतु बहुतेक शिंपाधाऱ्यांत शरीराची कात पडली तरी शिंपेचा बाहेरचा थर गळून पडत नाही. जुन्याखाली नवा, किंचित मोठा थर येतो आणि त्याची कडा बाहेर डोकावते. म्हणून रेषा मोजल्या की झालेल्या निर्मोचनांचा अंदाज करता येतो. पण त्याच कारणाने ही संख्या वयाची निदर्शक आहे, जातीची नव्हे. आकाराचेही तसेच. लिंगभेदाने शिंपेची बाह्यरेषा बदलते. अन्न, उष्णता व गर्दी ह्यांनी लांबी बदलते. एकाच डबक्यातील लहान, कमी रेषांच्या आणि मोठ्या, अधिक रेषांच्या प्राण्यांना दोन जाती ठरविणे सोपे असते आणि तसे घडलेलेही आहे. 'लहान' हे विशेषण वर्णनात आले की वाचकाने प्रथम विचारावे : किती निर्मोचनांनंतर लहान? मादीच्या शिंपेत अंडी होती काय?

शिंप बाजूस सारली की डोके दिसते, आणि येथे सायक्लेस्थेरियाचे वैशिष्ट्य स्पष्ट होते. इतर शिंपाधाऱ्यांत दोन संयुक्त नेत्र एकमेकांस अगदी लगटून असले तरी वेगळे ओळखता येतात. सायक्लेस्थेरियात ते पूर्णपणे एकजीव होऊन मध्यभागी एकच नेत्र झालेला असतो. प्रयोगशाळेत डॅफ्निया पाहिलेल्या विद्यार्थ्यास हा एकाक्ष चेहरा ओळखीचा वाटेल, आणि ही ओळख खरी आहे, हे पुढे येईलच. मोठ्या नेत्राखाली लहानसा साधा नेत्रबिंदू असतो. लघुशृंगिका आखूड, नळीसारखी असून तिचे गंधग्राही दृढरोम फक्त टोकाशी झुपक्याने असतात. अन्य कुलांत लघुशृंगिकेच्या कडेवर ओळीने उंचवटे असून संवेदी दृढरोम त्यांवर वाटलेले असतात. हा फरक सामान्य सूक्ष्मदर्शकाखालीही चुकत नाही, म्हणून ओळख पटविण्यास तो फार सोयीचा आहे. दुसरी शृंगिका द्विशाखी असून तेच पोहण्याचे साधन होय. जंभ वाकडे, बळकट आणि प्रौढावस्थेत स्पर्शकरहित असतात.

धडावरील पाय हा खरा अभ्यासाचा विषय. सायक्लेस्थेरियात त्यांच्या पंधरा ते सोळा जोड्या असतात. दातांची बिजागरी नसलेल्या इतर शिंपाधाऱ्यांत ही संख्या सोळापासून बत्तिसापर्यंत जाते, आणि वाढरेषा नसलेल्या, वाटाण्यासारख्या लिन्सियसच्या गटात ती दहा-बारावर थांबते. प्रत्येक पाय हा सांध्यांचा दंड नसून पातळ पाते असते. पात्याच्या आतील कडेवर दृढरोमयुक्त खंडांची रांग, बाहेरच्या बाजूस वर व खाली लांबणारा बहिष्पाद, आणि त्याच्या बुडाशी गुळगुळीत पिशवीसारखा अधिपाद अशी त्याची ठेवण असते. जुन्या पुस्तकांत अधिपादास केवळ क्लोम म्हणत. आता शरीरातील क्षारांचे नियमन हेही त्याचे महत्त्वाचे कार्य मानले जाते. सर्व पाय पुढून मागे लहान होत जातात आणि लाटेसारखे एकापाठोपाठ हलतात. दोन पायांमधील पोकळी रुंदावली की पाणी आत ओढले जाते, आकसली की बाहेर जाते, आणि आतील खंडांच्या दृढरोमांवर अडकलेले शैवल व गाळाचे कण पोटाखालच्या मध्यवर्ती पन्हळीतून तोंडाकडे सरकतात. पोहणे शृंगिकांनी आणि खाणे पायांनी, असा हा व्यवहार आहे.

चित्र काढताना सगळ्या जोड्या काढण्याची आवश्यकता नाही. पण पहिली, एखादी मधली आणि शेवटची एवढ्या तरी काढल्याच पाहिजेत. मधल्या पायांकडे मादीत विशेष लक्ष द्यावे, कारण त्यांतील काहींच्या बहिष्पादाचा वरचा भाग दोऱ्यासारखा लांब होऊन पाठीवरील भ्रूणकोशात जातो आणि अंडी किंवा भ्रूण धरून ठेवतो. असे दोरे नेमक्या कोणत्या पायांना आहेत, हे अनेक प्रकाशित वर्णनांत सांगितलेलेच नसते.

नराची ओळख पहिल्या पायावरून होते. तेथे पाते जाऊन हातासारखा पकडणारा अवयव झालेला असतो. त्याने नर मादीच्या शिंपेची कडा धरतो. लेप्टेस्थेरिया, युलिम्नाडिया, सायझिकस इत्यादी प्रजातींत पहिल्या दोन्ही जोड्या अशा पालटलेल्या असतात. सायक्लेस्थेरियात मात्र एकच. डॅफ्नियाच्या नरातही पहिल्याच पायावर आकडा असतो. एकजीव नेत्र, एक जोडी पकडअवयव आणि पुढे सांगावयाची वाढीची पद्धत ह्या तिन्ही बाबतींत सायक्लेस्थेरिया अन्य शिंपाधाऱ्यांपेक्षा जलपिसवांच्या, म्हणजे क्लॅडोसेरांच्या, अधिक जवळ जाते. विसाव्या शतकाच्या अखेरीस जनुकीय पुराव्यानेही तोच निर्णय दिला. परिणामी 'कॉन्कोस्ट्राका' हा जुना गण नैसर्गिक राहिला नाही; त्याचे तीन भाग झाले आणि सायक्लेस्थेरियास स्वतःचा गण मिळाला. अनेक पाठ्यपुस्तकांत जुना गण अद्याप तसाच छापला जातो. अध्यापनाच्या सोयीसाठी तो वापरण्यास प्रत्यवाय नाही, परंतु वंशावळीची चर्चा करताना तो आधारास घेऊ नये.

शरीराच्या शेवटी पुच्छखंड असतो. त्याच्या वरच्या कडांवर काट्यांच्या दोन ओळी, ओळींच्या आरंभाजवळ दोन लांब संवेदी दृढरोम आणि टोकाशी दोन वाकड्या नख्या असतात. काट्यांची संख्या वर्णनात द्यावीच; तथापि एकाच प्राण्याच्या डाव्या व उजव्या ओळीत ती जुळत नाही असे वारंवार दिसते, तेव्हा पाच-सहा प्राण्यांवरून मर्यादा द्याव्यात. एका प्राण्यातील एका ओळीचा आकडा देऊन त्यावर नव्या जातीची उभारणी करणे धोक्याचे आहे.

सायक्लेस्थेरियाचे प्रजनन इतर शिंपाधाऱ्यांहून वेगळे आहे. तिच्या माद्या बहुधा नरावाचून प्रजनन करतात. अंड्यांतून मुक्त पोहणारी अर्भके बाहेर पडत नाहीत; भ्रूण मादीच्या पाठीवरील कोशातच सर्व अवस्था ओलांडतात आणि लहानशा प्रौढासारखे होऊन बाहेर येतात. शिंप पारदर्शक असल्यामुळे एकाच मादीत हे सर्व जिवंतपणी पाहता येते. अभ्यासवर्गासाठी ह्याहून चांगला नमुना क्वचितच मिळेल. नर फार दुर्मिळ. ते आढळतात तेव्हा संयोगातून विश्रांत अंडी तयार होतात, आणि ती मादीच्या टाकलेल्या शिंपेत बंदिस्त राहतात. जलपिसवांच्या खोगीरकोशाशी ह्याचे साम्य उघड आहे. सार्स ह्यांच्या काचपात्रात वाळक्या गाळातून जीव निघाला तो अशाच टिकाऊ अवस्थेमुळे.

अन्य शिंपाधाऱ्यांत अंडी गाळात पडतात, उन्हाळ्यात मातीबरोबर वाळतात, भेगांत उतरतात आणि पुढल्या पावसाच्या पाण्यात फुटून मुक्त अर्भके बाहेर येतात. युलिम्नाडियात तर अंड्याच्या टरफलाची घडण हेच जातिनिश्चितीचे मुख्य साधन आहे : कोणाचे गोल, कोणाचे नळकांड्यासारखे, कोणाचे पिळदार कंगोऱ्यांचे. ह्या प्रजातीच्या काही जातींत माद्या नसून उभयलिंगी व नर असेच दोन प्रकार असतात, हेही तिच्या अभ्यासकाने विसरू नये. एका जाळीत सर्व कुले मिसळून आली तर डोके पाहावे. तुंडाच्या टोकाशी काटा असेल तर लेप्टेस्थेरियाचे कुल; डोक्यावर देठ असलेली गाठ असेल तर लिम्नाडियाचे, म्हणजे युलिम्नाडियाचेही; दोन्ही नसून नेत्र एकच असेल तर सायक्लेस्थेरिया.

शोध कोठे घ्यावा ह्याबद्दल थोडेसे. सायक्लेस्थेरिया ही क्षणभंगुर डबक्यांपेक्षा पाणवनस्पती असलेल्या, अधिक काळ टिकणाऱ्या पाण्यात राहते. अमरावतीस वडाळी व छत्री तलाव आहेत. अकोल्याच्या बाजूस गावतळी व आता जागोजागी शेततळी आहेत. काठच्या वनस्पतींत जाळी झटकून घ्यावी. युलिम्नाडिया व लेप्टेस्थेरियासाठी मात्र पहिल्या दमदार पावसानंतरची गढूळ डबकी गाठावी लागतात. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा ह्या दृष्टीने विशेष पाहण्यासारखा आहे. विश्रांत अंडी फुटण्यास पावसाचे ताजे, अल्पक्षार पाणी अनुकूल असते. ज्या पट्ट्यात विहिरीचे पाणी खारट आणि जमिनीतही क्षार, तेथे डबक्यात पाऊस साठल्यावर क्षार किती वेगाने चढतात आणि अंडी त्यापूर्वी फुटतात की काय, हा प्रश्न एका पदव्युत्तर प्रबंधास पुरेल. अकोल्याच्या दक्षिणेकडील गोड्या पाण्याचा भाग तुलनेसाठी जवळच आहे.

नमुने दोन प्रकारे ठेवावेत. काही सत्तर टक्के अल्कोहोलात, शरीररचनेसाठी. काही पंचाण्णव टक्के वा अधिक तीव्र अल्कोहोलात, जनुकीय परीक्षणासाठी. फॉर्मॅलिनचा मोह टाळावा. त्यात रूप टिकते पण जनुकद्रव्य खराब होते, आणि ज्या समूहात जाती रूपाने ओळखता येत नाहीत तेथे ही हानी भरून निघत नाही. शिंप उघडताना ती ओढू नये. बारीक सुईने आकुंचक स्नायू तोडावा म्हणजे शिंप आपोआप सैल होते. पाय एकेक बुडापासून सोडवून ग्लिसरिनमध्ये क्रमाने मांडावेत व प्रत्येक काचेवर जोडीचा क्रमांक ताबडतोब लिहावा. नवी जात जाहीर करावयाची झाल्यास प्रमाणनमुना खाजगी कपाटात न राहता सार्वजनिक संग्रहात गेला पाहिजे. भारतीय प्राणिसर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र पुण्यास आहे.

हिस्लॉप ह्यांच्या संग्रहात ह्या प्राण्यांचे आणखी एक टोक आहे. नागपूरच्या दक्षिणेकडील मांगली येथील प्राचीन वालुकाश्मात त्यांना शिंपाधाऱ्यांच्या शिंपा अश्मीभूत स्थितीत सापडल्या. टी. रूपर्ट जोन्स ह्यांनी 1862 मध्ये जीवाश्म एस्थेरियांवरील आपल्या ग्रंथात त्यांचे वर्णन एस्थेरिया मँगलिएन्सिस ह्या नावाने केले. पुढच्याच वर्षी, 4 सप्टेंबर 1863 रोजी, टाकळघाटची शिलावर्तुळे पाहून परतताना पूर आलेला नाला ओलांडताना हिस्लॉप बुडून मरण पावले. डबक्यातील जिवंत जात आणि खडकातील मृत जात ह्या दोन्ही एकाच माणसाने एकाच प्रदेशातून गोळा कराव्यात, असा योग विरळा. जीवाश्मात पाय, नेत्र वा पुच्छखंड उरत नाहीत. उरते ती फक्त शिंप आणि तिच्यावरील वाढरेषांमधली सूक्ष्म नक्षी. जीवाश्मवेत्त्यांना ह्या नक्षीवरच सर्व वर्गीकरण उभारावे लागते. तेव्हा जिवंत जातीचे वर्णन करताना शिंपेचा एक तुकडा वेगळा काढून, तिच्या कडेजवळील व मध्यावरील नक्षीचे चित्र निरनिराळ्या वयाच्या प्राण्यांवरून द्यावे. हे चित्र आपल्या जातिनिर्णयास कदाचित उपयोगी पडणार नाही. मांगलीच्या दगडावर काम करणाऱ्यास मात्र ती नक्षी वयानुसार किती बदलते हे कळण्यास दुसरा मार्ग नाही.

वऱ्हाडातून सायक्लेस्थेरियाचा नर हाती आल्यास त्याच्या पकडअवयवाचे आतून व बाहेरून असे दोन्ही बाजूंचे चित्र काढून, त्याच तळ्यातील माद्या व विश्रांत अंडी असलेल्या शिंपांसह तो स्वतंत्र कुपीत ठेवावा, आणि कुपीत तळ्याचे नाव, तारीख व पाण्याची खोली शाईने नव्हे, पेन्सिलीने लिहिलेल्या चिठ्ठीवर घालावी.